धामण दूध पीत नाही, पण गायीत साप आहे

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी नानांच्या गोठ्यात दर पावसाळ्यात एक धामण येते. कडब्याच्या गंजीत उंदीर असतात, त्यांच्या मागे येते. नानांचं मत मात्र ठाम आहे. "हाई धामण रातले गायना पायसले येटा मारस नि दूध पी जास." सकाळी गायीनं दूध कमी दिलं की आळ धामणीवर.

मी जीवशास्त्र शिकवतो, म्हणून दरवर्षी तेच तेच सांगतो. सापाला चोखता येईल असे ओठ नाहीत, गाल नाहीत. दात आत वळलेले, ते सडाला लागले तर गाय आधी लाथ घालेल. दूध आटलं असेल तर कासेला हात लावून बघा, दगडी झाली असेल. नाना ऐकून घेतात, मान हलवतात आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा धामण.

या खेपेला मी वाद उलटा मांडला. म्हटलं, नाना, सापानं गायीचं काही नेलेलं नाही. सापाकडचंच गायीत आलंय. आणि ते चिमूटभर नाही, गायीच्या शरीरातल्या सगळ्या आनुवंशिक मजकुराचा जवळपास चौथा हिस्सा त्याच्या नकलांनी भरलाय. नाना म्हणाले, "मंग मी दुसरं काय सांगी ऱ्हायनू?"

वाद तिथेच संपला, पण मला तो नीट सांगायचाय.

प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा एक लांबलचक मजकूर असतो, चार अक्षरांत लिहिलेला. हा सगळा मजकूर म्हणजे जीनोम. भारतीय नागाचा जीनोम २०२० साली वाचून झाला. तो सुमारे १७९ कोटी अक्षरांचा आहे. माणसाचा ३०० कोटींच्या वर. आता इतक्या मोठ्या पोथीत कामाची पानं किती असावीत? ज्यांच्यापासून प्रथिनं बनतात तो भाग माणसात जेमतेम दोन टक्के भरतो. उरलेल्यात काही नियंत्रणाची बटणं आहेत, काही जुना पालापाचोळा आहे, आणि जवळपास निम्मी पोथी एका विचित्र प्रकारच्या मजकुरानं व्यापली आहे. तो मजकूर स्वतःच्या नकला काढतो.

हे समजायला साखळीपत्रं आठवा. चाळिशी ओलांडलेल्यांना आठवतील. घरी पोस्टकार्ड यायचं, किंवा एसटीत कुणीतरी छापील पत्रक हातात द्यायचं. अमुक देवळात पुजाऱ्याला नाग दिसला, नागानं मनुष्यरूप घेतलं आणि सांगितलं की या पत्राच्या एकवीस प्रती काढून वाटा. वाटणाऱ्याला लॉटरी लागली, फाडणाऱ्याचा बैल मेला. या पत्रात बातमी काय असायची? काहीच नाही. "माझी नक्कल कर" एवढाच त्याचा अर्थ, आणि तेवढ्या बळावर ते गावोगाव पोचायचं. (त्यात नाग का असायचा, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता योगायोगाची गंमत वाटते.)

जीनोममधली ही साखळीपत्रं म्हणजे ट्रान्सपोझॉन, उड्या मारणारे तुकडे. ती आहेत हे सगळ्यात आधी ओळखलं बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी, आणि तेही आपल्या ओळखीच्या पिकात, मक्यात. एकाच कणसात काही दाणे ठिपक्याठिपक्यांचे का निघतात, याच्या मागे त्या लागल्या. १९४० च्या दशकात त्यांच्या ध्यानात आलं की एक तुकडा रंगाच्या जनुकात जाऊन बसतो तेव्हा रंग मरतो, आणि दाणा वाढताना तो उठून गेला की तेवढ्या पेशींत रंग परततो. डीएनएची रचनासुद्धा तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती. जनुकं माळेतल्या मण्यांसारखी जागच्या जागी बसलेली असतात असं मानणाऱ्या काळात ही बाई म्हणत होती की मणी उठून दुसरीकडे जातात. ऐकणाऱ्यांनी कान टवकारले नाहीत. नोबेल मिळालं १९८३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी.

मॅक्लिंटॉक यांचे तुकडे जागा सोडून दुसरीकडे जाणारे होते. सापांच्या गोष्टीत जास्त महत्त्वाचे आहेत ते नक्कल काढणारे, ज्यांना रेट्रोट्रान्सपोझॉन म्हणतात. मूळ पत्र जागेवरच राहतं. त्याची आरएनए नावाची कच्ची प्रत निघते, त्या प्रतीवरून नक्कल करणारं यंत्रही बनतं, म्हणजे पत्र स्वतःचा लेखनिक बरोबर घेऊन फिरतं. तो लेखनिक जीनोममध्ये दुसरीकडे चीर पाडतो आणि तिथे कच्ची प्रत पुन्हा डीएनएच्या लिपीत उतरवायला लागतो. पण हा पठ्ठ्या उतरवतो शेवटच्या ओळीपासून वर, आणि बहुतेक वेळा अर्ध्यातच थांबतो. म्हणून जीनोममध्ये अशा नकलांची नुसती शेपटं फार सापडतात. त्यांना पुढे नक्कल काढता येत नाही, ती तिथेच पडून राहतात. शिवाय काही बांडगुळंही आहेत, दोन-तीनशे अक्षरांच्या चिठ्ठ्या. त्यांच्याकडे लेखनिक नसतो, दुसऱ्याचा लेखनिक वापरून त्या आपल्या नकला काढून घेतात. माणसात आलू नावाची अशी एक चिठ्ठी आहे, दहा लाखांहून जास्त वेळा चिकटवलेली.

इथपर्यंत सगळं एका घरातलं. बापाचं पत्र मुलाकडे, मुलाचं नातवाकडे. वारसा उभा चालतो. आता आडव्या वारशाकडे येऊ.

१९९० च्या दशकात स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना इथे दोन संशोधक, दुशान कोर्दिश आणि फ्रांत्स गुबेनशेक, एका विषारी सापाच्या विषाची जनुकं वाचत होते. तो साप आपल्या घोणसाच्या कुळातला, नाकावर शिंग असलेला. विषाच्या जनुकाच्या आत, प्रथिन बनवताना गाळून टाकल्या जाणाऱ्या भागात, त्यांना एक ओळखीचा मजकूर दिसला. ओळखीचा, कारण तो गुरांमध्ये आधीच सापडलेला होता. नावही गुरांवरूनच पडलेलं, बोव्हाइन-बी, थोडक्यात बोव्ह-बी. पूर्ण लांबीचा असेल तर तीन हजारांच्या थोड्या वर अक्षरांचा. १९९८ मध्ये त्यांनी मांडलं की हे पत्र गुरांच्या पूर्वजात जन्मलेलं नाही. ते साप-सरड्यांच्या कुळातून तिकडे गेलं, अंदाजे चार ते पाच कोटी वर्षांपूर्वी. आपल्या काळ्या मातीखालचा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, म्हणजे त्यावरही दीड-दोन कोटी वर्षं उलटून गेल्यावर.

आता कुणी म्हणेल, साप आणि गाय दोघांचाही कुणीतरी समान पूर्वज होताच ना? त्याच्याकडून दोघांनाही आलं असेल. शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर हाच या लेखातला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे.

दिवाळीनंतर गुजरात-राजस्थानाकडून मेंढ्यांचे कळप घेऊन लोक येतात, ओझ्याला उंट असतात. त्या कळपातल्या मेंढीत बोव्ह-बी खच्चून भरलेलं आहे. शेळीत आहे, म्हशीत आहे, हरणात आहे, म्हणजे रवंथ करणाऱ्या या सगळ्या घराण्यात आहे. पण त्याच कळपातल्या उंटात नाही. गावात फिरणाऱ्या डुकरातही नाही. उंट आणि डुक्कर हे गायीचे चुलत नातेवाईक, आणि साप तर तीस कोटी वर्षांहून आधी वेगळा झालेला. पणजोबांची एक अंगठी फक्त एका नातवाकडे आणि शिवाय परमुलखातल्या एका परक्या घरात सापडली, बाकी भाऊबंदांत कुणाकडेच नाही, तर ती पणजोबांचीच होती असं पंच मान्य करतील का?

दुसरा पुरावा चुकांचा. साखळीपत्र हातानं उतरवताना कुणीतरी "एकवीस"चं "एकविस" करतो, पुढचे सगळे तीच चूक उतरवतात. डीएनएतही पिढ्यान्‌पिढ्या अशा चुका साठत जातात. तीस कोटी वर्षांपूर्वी दोन घरं वेगळी झाली असतील तर पत्रांतही तेवढ्या चुकांचं अंतर पडायला हवं. गाय आणि साप यांच्या बोव्ह-बीत ते अंतर फारच कमी आहे. दोघांची कामाची जनुकं एकमेकांपासून जितकी दूर गेली, त्या मानानं ही फुकटची पत्रं विलक्षण जवळची राहिली. म्हणजे पत्र उशिरा आणि बाहेरून आलं.

आलं ते बहुधा एखाद-दुसऱ्या प्रतीनं. मग लाखो वर्षांत त्याच्या नकला, त्या नकलांचे तुकडे आणि तुकड्यांवर पोसलेली बांडगुळं मिळून गायीच्या जीनोमचा पाव भाग झाला. आपण नागपंचमीला जमीन नांगरत नाही, पोळ्याला बैलाला नैवेद्य देतो. दोन्ही सण एकाच श्रावणात, पंचवीसेक दिवसांच्या अंतरानं. त्या बैलाच्या प्रत्येक पेशीत सापाकडून आलेलं हे पत्र आहे, हे मला कळलं त्या वर्षीचा पोळा जरा वेगळा गेला.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो, कारण असलं काही सांगितलं की दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर भलतंच फिरतं. गायीत सापाचं विष आलेलं नाही, विषाचं जनुकही आलेलं नाही. दुधात काही उतरत नाही. आपण भाजी, अंडी, मटण यांतून रोज परक्या जीवांचा डीएनए गिळतो, आणि पोट तो पचवून टाकतं. पुढच्या पिढीत जायचं तर तुकडा अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत शिरायला हवा, आणि तिथे पोचणं महाकठीण. साधं जनुक पोचलं तरी ते एका जागी मुकाट पडून राहील, पुसलं जाईल. ट्रान्सपोझॉनचं मात्र तसं नाही, तो लेखनिकासकट येतो. म्हणून प्राण्यांमधल्या आडव्या वारशात जनुकं क्वचित आणि ही पत्रंच जास्त आढळतात.

पण सापाकडून गायीकडे नेलं कुणी?

संशयित नानांच्या गोठ्यातच आहे. गोचीड. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या संशोधकांनी सरपटणाऱ्या प्राण्यांवर जगणाऱ्या गोचिडींमध्ये बोव्ह-बी दाखवून दिलं. रक्त पिणारा जीव आज सरड्यावर, उद्या उंदरावर, परवा गुरावर. त्याच्या आधी, २०१० मध्ये, दक्षिण अमेरिकेतल्या रक्त पिणाऱ्या एका ढेकणात असेच उड्या मारणारे तुकडे सापडले होते, आणि तो ज्या ओपॉसम नावाच्या पिशवीवाल्या प्राण्याला आणि माकडाला चावतो त्यांच्यातल्या तुकड्यांशी ते ९८ टक्के जुळत होते. हा परिस्थितीजन्य पुरावा झाला. गोचिडीला रंगेहाथ पकडलेलं नाही, आणि चार कोटी वर्षांनी ते शक्यही नाही. पण कोर्टात अशा पुराव्यावरही निकाल लागतात.

दुसरा संशयित विषाणू, आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा तर हातातच सापडला. पश्चिम आफ्रिकेतल्या एका रानउंदरात देवीच्या विषाणूच्या अगदी जवळचा एक विषाणू मिळाला होता, टॅटेरापॉक्स. त्याचा जीनोम वाचताना २००७ मध्ये जपानच्या संशोधकांना त्यात एक बांडगूळ-चिठ्ठी दिसली, तीही साप-सरड्यांच्याच वाणाची. सगळ्यात जवळची जुळणी निघाली पश्चिम आफ्रिकेतल्या फुरशाशी. आपल्याकडे माळरानावर दगडाखाली निघणारं, अंगाचे खवले घासून करकर आवाज करणारं जे फुरसं, त्याचीच ही चुलतबहीण. म्हणजे उंदराच्या विषाणूच्या पोटात फुरशाचं पत्र, वाटेतच पकडलेलं.

आडवा वारसा ऐकून आपण उगाच दचकतो. कापूस पिकवणाऱ्या खान्देशाला तो नवा नाही. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्यातलं बीटी जनुक मातीतल्या एका जिवाणूचं आहे, आणि ते कपाशीत घालायला वापरला दुसराच जिवाणू, अ‍ॅग्रोबॅक्टेरियम. त्याचा हा धंदा जन्मजात आहे. झाडाला गाठ आणायची आणि आपला डीएनए त्याच्या पेशीत घुसवायचा. माणसानं त्याच्या झोळीत फक्त वेगळा माल भरला. आणि उपासाला जे रताळं खातो, त्यात तर याच जिवाणूच्या कुळातला डीएनए निसर्गानंच घालून ठेवलेला आहे, हे २०१५ मध्ये सिद्ध झालं. एकादशीला रताळं खाऊन बीटीला नाक मुरडणारे आमच्या घरातही आहेत. (बीटीवर इतर आक्षेप असू शकतात, बियाण्याच्या भावापासून बोंडअळीपर्यंत. ते वेगळे.)

सापांकडे परत येऊ. २०२२ मध्ये जपानी संशोधकांच्या पुढाकारानं झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बोव्ह-बी सापांकडून बेडकांकडे गेल्याच्या किमान ५४ घटना सापडल्या. खाणाऱ्याकडून खाल्ल्या जाणाऱ्याकडे! सापानं बेडूक गिळला तर मजकूर सापात यायला हवा, इथे उलटी गंगा. सगळ्यात जुनी घटना साडेआठ कोटी वर्षांपूर्वीची, सगळ्यात अलीकडची तेरा लाख. आणि मादागास्कर बेटावर याचा नुसता सुकाळ. बेडकांची दोन घराणी अशी मिळाली की आफ्रिकेत होती तोवर कोरी, मादागास्करला गेल्यावर त्यांना बोव्ह-बी लागलं. मलेरियाचा मुलूख असावा तसा हा पत्रांचा मुलूख, आणि तिथल्या परजीवींतही बोव्ह-बीचं प्रमाण जास्त मिळालं.

खुद्द सापांच्या घरात काय चाललंय, तेही मजेदार आहे. अजगर आणि विषारी सापांपैकी अमेरिकेतला कॉपरहेड, दोघांचे जीनोम आकारानं फार वेगळे नाहीत. पण अजगरात अशा पुनरावृत्तीच्या मजकुराचा वाटा २१ टक्क्यांच्या आसपास, कॉपरहेडमध्ये ४५ च्या. सस्तन प्राण्यांत किंवा पक्ष्यांत एका घराण्यात इतका फरक सहसा दिसत नाही. पोथीची जाडी तीच, पण एका घरात पत्रं कमी नि दुसऱ्या घरात दुप्पट. याचा अर्थ जुना मजकूर पुसलाही जात असणार, नाहीतर पोथी फुगली असती. समुद्रात उतरलेल्या सापांनी तर नवीनच पाहुणे घेतले. लॅटिकॉडा नावाचे पट्टेरी सागरी साप आहेत, अंडी घालायला किनाऱ्यावर येणारे. त्यांच्यात समुद्री जीवांकडून आलेला एक तुकडा इतका माजला की जीनोमचा ८ ते १२ टक्के भाग त्याचाच झाला. जमिनीवरच्या त्यांच्या भाऊबंदांत तो नाही. म्हणजे मुक्काम बदलला की पत्रं टाकणारा पोस्टमनही बदलतो.

मग या नकलांचा उपयोग काय, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. बहुतेकांचा काहीच नाही. पेशी त्यांच्यावर रासायनिक ठिपके मारून त्यांना गप्प ठेवते, कारण पत्र भलत्या जागी घुसलं तर जनुक मोडतं. पण कचऱ्याच्या ढिगात कधी कामाचा खिळा सापडतो. शरीराचा आराखडा ठरवणारी हॉक्स नावाची जनुकं असतात. सस्तन प्राण्यांत त्यांच्या आसपास ट्रान्सपोझॉनला जवळजवळ मज्जाव आहे. साप-सरड्यांत मात्र त्या गल्लीतही ते घुसलेत, हे २०१० मध्ये दिसलं. शेकडो मणक्यांची ती लांबलचक काया त्यांच्यामुळेच झाली असं म्हणणं घाईचं होईल, पण पहारा तिथे ढिला पडला होता एवढं खरं. विषाचंही तसंच. अमेरिकेतल्या रॅटलस्नेकमध्ये विषाची काही जनुकं चालू करणारी बटणं अशाच जुन्या तुकड्यांतून घडल्याचं अलीकडे आढळलंय.

आणि सर्पदंशावरची लस? घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, त्याचं शरीर प्रतिपिंडं बनवतं, ती काढून इंजेक्शन तयार होतं. प्रतिपिंडांचे असंख्य साचे घडवायला पेशी जनुकांचे तुकडे कापून वेगवेगळ्या रीतीनं जोडते. त्या कापाकापीची जी कात्री आहे, रॅग नावाची, ती फार प्राचीन काळी एका ट्रान्सपोझॉनकडूनच आलेली. विषाचं बटण त्याच कुळाचं आणि उताऱ्याची कात्रीही त्याच कुळाची.

भारतीय नागाच्या जीनोममध्ये विषाच्या ३३ कुळांतली १३९ जनुकं मोजली गेली. त्यातली नेमकी कुठली विषग्रंथीत चालतात हे कळल्यावर घोड्यावाचून औषध बनवायची वाट दिसू लागली आहे. साप चावल्यावर लगेच मोठं सरकारी रुग्णालय गाठायचं, मांत्रिक नाही, हे मात्र आजही तसंच.

नानांना मी हे सगळं सांगितलं नाही, गोचिडीपुरतंच सांगितलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी चालली होती. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून झाल्यावर त्यांनी त्याच्या कानामागून एक टपोरी गोचीड उपटली आणि चिमटीत धरून कंदिलापुढे नेली.

"हाईच का ती?"

"हिच्या घराण्यातली कुणीतरी," मी म्हटलं.

त्यांनी ती थोडा वेळ न्याहाळली आणि रॉकेलच्या वाटीत टाकली.